हिशेब मागणारे जोतीराव

हार्बर मार्गावर सानपाडा आणि नेरुळ यांच्या मधले जुईनगर हे तसे शांत उपनगर. तिथल्या घरांत रोज शिजणारी भाजी बहुतेक वेळा फार लांबून येत नाही. ती येते जवळच्याच तुर्भे येथील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारातून. जुन्नर, नाशिक, सांगली, सातारा या भागांतून रात्रभर प्रवास करून आलेला माल पहाटे तिथे उतरतो, त्याचा भाव ठरतो आणि शेतकऱ्याच्या हाती एक पट्टी पडते. मालाची एकूण रक्कम वर आणि तीतून वजा झालेले आकार खाली, असे या पट्टीचे रूप पिढ्यान् पिढ्या चालत आले. आडत, हमाली, तोलाई, वाराई. शहरातल्या ग्राहकाला ही पट्टी कधी दिसत नाही. त्याला दिसते ती उपाहारगृहाची, चित्रपटाच्या तिकिटाची किंवा घरपोच मागवलेल्या वस्तूंची पावती. तिच्यातही ठरलेल्या किमतीखाली सेवा शुल्क, सुविधा शुल्क, हाताळणी शुल्क असे आकार एकामागून एक उभे असतात. शेतकऱ्याचे वजा होते, ग्राहकाचे अधिक होते, रीत एकच.

या रीतीवर महाराष्ट्रात ज्या माणसाने सर्वप्रथम आणि सर्वांत सविस्तर बोट ठेवले, त्याचे नाव आपण मंड्यांनाच दिले आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचे अधिकृत नाव महात्मा जोतीबा फुले मंडई, आणि पुण्याची मध्यवर्ती मंडईही महात्मा फुले मंडईच. मुलींची पहिली शाळा काढणारे, सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असतात. बाजारातला हिशेब तपासणारे जोतीराव मात्र फारसे कुणाला ठाऊक नसतात. छुप्या आकारांवर सरकारने बंदी घालावी की नाही, हा प्रश्न आज न्यायालयांपुढे आणि मंत्रालयांपुढे वारंवार येत असताना त्या जोतीरावांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

भाजीबाजारातले घर

फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे त्यांचे मूळ गाव. तिथून हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस आणि पुढे पुण्यास आले. पेशव्यांच्या वाड्यावर फुले पुरविण्याचा व्यवसाय मिळाला आणि आडनाव फुले झाले. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या. वडील गोविंदराव यांचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा व्यवसाय होता. म्हणजे वजन, माप, दलाली आणि जकात हे शब्द या मुलाच्या कानावर अक्षरओळखीच्या आधीपासून पडत होते.

मराठी शाळेत थोडे शिक्षण झाल्यावर त्यांना शाळेतून काढून मळ्याच्या कामाला लावण्यात आले. शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजिटसाहेब या दोघांनी या मुलाची बुद्धी ओळखून गोविंदरावांचे मन वळवले, आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. तिथले शिक्षण १८४७ मध्ये संपले. त्याच सुमारास त्यांनी टॉमस पेन यांचे माणसाच्या हक्कांविषयीचे पुस्तक वाचले. पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या मिरवणुकीत त्यांचा अपमान झाला आणि त्याच वर्षी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पत्नी सावित्रीबाईंना त्यांनी स्वतः शिकवले होते. त्या शिक्षिका झाल्या. या कामापायी दोघांना गोविंदरावांचे घर सोडावे लागले. १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव केला तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते.

हा सारा इतिहास सर्वश्रुत आहे. शिक्षणाविषयीचा त्यांचा आग्रह आणि हिशेबाविषयीचा आग्रह एकाच मुळातून आलेले होते, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याला पावती वाचता येत नाही. ज्याला पावती वाचता येत नाही, त्याच्याकडून काय घेतले आणि कशासाठी घेतले हे त्याला आयुष्यभर कळत नाही. जोतीरावांच्या लेखी अविद्या हे केवळ मनाचे दारिद्र्य नव्हते. खिसा रिकामा होण्याचे तेच पहिले कारण होते.

भीतीपोटी वाढत जाणारे बिल

१८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीकडे ते पाठविले गेले, पण कमिटीने ते स्वीकारले नाही आणि लेखकाच्या हयातीत ते छापून आले नाही. कथानक साधे आहे. एका कुणब्याच्या घरी त्याची बायको गरोदर आहे. एक जोशी येतो, ग्रहांची पीडा असल्याचे सांगतो, होणाऱ्या बाळाच्या जिवाची भीती घालतो. मग उपाय सुचतात. आधी थोडके, नंतर त्याला जोडून आणखी काही, मग अनुष्ठान, मग ब्राह्मणभोजन. कुटुंबाला कर्ज काढावे लागते. नाटकाच्या अखेरीस ते जोडपे जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवते.

आजच्या वाचकाने हे नाटक धर्मचिकित्सा म्हणून वाचावेच, पण व्यवहाराचे चित्र म्हणूनही वाचावे. गिऱ्हाइकाला सुरुवातीलाच पूर्ण रक्कम सांगितली असती तर त्याने दार लावून घेतले असते. म्हणून पहिला आकडा लहान ठेवायचा. गिऱ्हाईक अडकले, मनाने तयार झाले, माघार घेणे जड झाले, की एकेक आकडा पुढे करायचा. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतील तेरा प्रकारच्या फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. किंमत थेंबाथेंबाने उघड करणे आणि ग्राहकाच्या टोपलीत त्याच्या नकळत वस्तू सरकवणे हे त्यांतील दोन प्रकार. मोबाइलच्या पडद्यावरची ही युक्ती नवी वाटत असली, तरी तिची रचना पुण्याच्या एका तरुण शिक्षकाने १८५५ मध्येच रंगमंचासाठी मांडून ठेवली होती.

कंत्राटदार आणि नगरपालिकेचे सभासद

जोतीराव केवळ शिक्षक आणि लेखक नव्हते. ते उद्योजक होते. बांधकामाची कंत्राटे घेणे, दगड-चुन्याचा पुरवठा करणे हा त्यांचा व्यवसाय. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा व्यावसायिक संबंध होता. हडपसरजवळ मांजरी येथे त्यांची कालव्याच्या पाण्यावरची बागायत होती. सरकारी कामावर मजुराच्या हजेरीत आणि कंत्राटाच्या बिलात काय काय घडते, याची माहिती त्यांना ऐकीव नव्हती. नफा मिळविणे त्यांना पाप वाटत नव्हते. स्वतः नफा मिळवून त्यांनी तो शाळांवर आणि समाजकार्यावर खर्च केला. त्यामुळे त्यांच्या टीकेकडे व्यापारद्वेष्ट्या माणसाची कुरकुर म्हणून पाहता येत नाही.

१८७६ मध्ये ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद झाले आणि १८८२ पर्यंत त्या पदावर राहिले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीच्या निमित्ताने शहर सजविण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ती रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावी असे त्यांचे म्हणणे पडले आणि प्रस्तावाविरुद्ध मत देणारे ते एकटेच सभासद ठरले. शहरात दारूची दुकाने वाढविण्यासही त्यांनी विरोध केला. पुण्यात मोठी मंडई बांधण्याच्या योजनेलाही त्यांचा विरोध होता. इमारतीपेक्षा लोकांच्या शिक्षणाची गरज मोठी, असे त्यांचे मत होते. मंडई बांधली गेली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले, आणि पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिलाच महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. इतिहास कधी कधी अशी थट्टा करतो. पण या थट्टेत एक औचित्यही आहे, कारण मंडईच्या नाक्यावर आणि ओट्यावर शेतकऱ्याचे काय होते हे या नगरपालिका सभासदाइतके नेमकेपणाने कुणीच लिहून ठेवलेले नाही.

आसूड

‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक १८८३ मधले. त्याचे पहिले भाग नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ पत्रात आले, पण पुढचे भाग छापण्यास लोखंडे कचरले, कारण भाषा फार जहाल होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांना जोतीरावांनी हे लेखन वाचून दाखविले होते.

पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्या भागात शेतकऱ्याच्या जन्माआधीपासून मरणानंतरपर्यंत धर्माच्या नावाने होणाऱ्या आकारणीचा क्रमवार पाढा आहे. गर्भाधान, बारसे, लग्न, घर बांधणे, सणवार, श्राद्ध. प्रत्येक प्रसंगी एक हात पुढे येतो. पुढच्या भागांत सरकारी खाती येतात. गोऱ्या अधिकाऱ्यांची ऐषआरामी बेफिकिरी आणि तिच्या आडोशाला कामगारांनी केलेली लूट येते. सारा आहेच, त्याच्यावर लोकल फंड. मिठावर कर. कालव्याच्या पाण्याची पट्टी जबर, पण पाणी मोजून आणि वेळेवर मिळेल याची हमी नाही. यावर त्यांचा तोडगा असा, की प्रत्येक शेतकऱ्याला गरजेइतके पाणी तोटीने मोजून द्यावे. पैसे मोजून घेता तर पाणीही मोजून द्या, इतका सरळ हा न्याय होता.

मग बाजार येतो. शेतकरी गाडीभर माळवे घेऊन शहरात येतो. नाक्यावर नगरपालिकेची जकात. बाजारात घेताना एक आणि देताना दुसरे वजन वापरणारे दलाल. दोघांचे भागवता भागवता मालाची किंमत संपते, गाडीभाडे अंगावर पडते आणि माणूस रिकाम्या हाताने मुलाबाळांपुढे जाऊन उभा राहतो. हे चित्र रंगवताना जोतीरावांनी एकाच आकाराला दोष दिलेला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रत्येक आकार वेगळा पाहिला तर लहान असतो, प्रत्येकाला काही ना काही कारण जोडलेले असते. बेरीज मात्र कुणीच करून दाखवत नाही. आसुडाचे खरे सामर्थ्य त्या बेरजेत आहे.

लोकल फंडाचे उदाहरण तर फारच बोलके. जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा हा जादा कर वसूल होत असे आणि शाळा व रस्ते ही त्याची कारणे सांगितली जात. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी नेमका हाच मुद्दा मांडला. सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेकडून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा मोठा वाटा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. ज्या कारणासाठी पैसे घेतले त्या कारणासाठी ते पोचले का, हा प्रश्न विचारणारे ते पहिल्या फळीतले भारतीय होत.

न मागितलेल्या सेवेचे मोल

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. देव आणि भक्त यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे समाजाचे मुख्य तत्त्व. त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीवाचून पहिला सत्यशोधक विवाह झाला. खर्च अगदी थोडा आणि विधी वधूवरांना कळेल अशा भाषेत.

येथे एक विलक्षण कायदेशीर पेच उभा राहिला. अनेक गावांत जोशीपणाचे वतन असे. वतनदार जोशाला बोलावले नाही, त्याने विधी केला नाही, तरी त्याची दक्षिणा बुडाली म्हणून तो यजमानावर दावा लावू शके. जुन्नरजवळच्या ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी ब्राह्मण पुरोहितावाचून लग्न लावले, तेव्हा गावच्या जोशाने त्यांच्यावर दावा लावला आणि हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. सेवा घेतलीच नाही, तरी शुल्क देणे बंधनकारक आहे काय, हा त्यातला मूळ प्रश्न. जोतीरावांच्या अखेरच्या वर्षांत सत्यशोधकांनी हा लढा न्यायालयात लढवला. वतनी हक्काचा प्रश्न महाराष्ट्रात त्यानंतरही धुमसतच राहिला. अखेर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले आणि १९२६ मध्ये कायदा झाला. ज्याला विधीसाठी बोलावलेच नाही, त्याला त्या विधीचे शुल्क मागता येणार नाही, हे कायद्याने ठरले. जोतीराव जाऊन तेव्हा पस्तीसहून अधिक वर्षे लोटली होती.

या प्रसंगात आपल्या आजच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. लोकांनी स्वेच्छेने नकार देणे हे समाजसुधारणेचे पहिले पाऊल होते आणि सत्यशोधकांनी ते धैर्याने टाकले. पण समोरच्याच्या हाती वसुलीचा हक्क असेपर्यंत नकार देणाऱ्याला न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. एका बाळाजी पाटलांना हे जमले. प्रत्येक कुणब्याला जमणारे नव्हते. म्हणून शेवटी कायदाच करावा लागला.

सावकाराची वही

जोतीरावांच्या हयातीतच सरकारने छुप्या आकारांविरुद्ध एक मोठा कायदेशीर प्रयोग केला होता. मे १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांनी बहुतेक ठिकाणी माणसांना हात न लावता कर्जरोखे आणि वह्या मिळवून जाळल्या. राग कर्जावर नव्हता, तो कागदात काय लिहिले आहे हे न कळण्यावर होता. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयांना मिळाली. सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, हे बंधन आले.

हा कायदा पूर्णपणे यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घेण्यास सुरुवात केली आणि कायद्याला वळसा घातला. बंदी आली की आकार नाव बदलतो, हा धडा त्यातून मिळाला. पण दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा होता. पावती आणि हिशेबाचा उतारा मागणे हा ऋणकोचा हक्क आहे, हे तत्त्व एकदा कायद्यात शिरले ते कायमचेच. वऱ्हाडात १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला, पुढे मुंबई प्रांताने १९३९ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६३ मध्ये बाजार समित्यांचे कायदे केले. या सर्वांच्या तळाशी आसुडातला तोच माळव्याचा गाडा उभा आहे.

अखेरची वर्षे

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांचा सत्कार झाला आणि महात्मा ही पदवी त्यांना मिळाली. त्याच वर्षी मार्च महिन्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात ते शेतकऱ्याच्या वेषात गेले होते, ही हकीकत प्रसिद्ध आहे. खरा हिंदुस्थान नटलेल्या पाहुण्यांच्या पलीकडे आहे, हे राजपुत्राला दिसावे, हा त्यामागचा हेतू. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. उजवा हात चालेना, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. एकेकाळचा यशस्वी कंत्राटदार अखेरच्या काळात आर्थिक विवंचनेत होता. सयाजीरावांची मदत त्या दिवसांत कामी आली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. ग्रंथ पुढील वर्षी प्रसिद्ध झाला.

आजच्या पावतीवर

जोतीरावांनी ज्या जकातीविरुद्ध लिहिले, ती मुंबईत १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर येईपर्यंत टिकली. त्याआधी, १९८० आणि १९९० च्या दशकांत, क्रॉफर्ड मार्केटातला घाऊक फळबाजार आणि भायखळ्याचा भाजीबाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला हलला. म्हणजे जोतीरावांच्या नावाच्या मंडईतला व्यापार जुईनगरच्या शेजारी आला. शेतकऱ्याच्या पट्टीतून आडत कापण्याची प्रथा त्याच्याबरोबर आली. २०१६ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढून फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी असे ठरविले. व्यापाऱ्यांनी संप केला, शहरात भाज्या काही दिवस महागल्या, पण निर्णय टिकला. आसूड लिहिला गेल्याला तेव्हा १३३ वर्षे झाली होती.

ग्राहकाच्या बाजूनेही कायद्याचा प्रवास असाच सावकाश झाला. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा अस्तित्वात आला. १९९० पासून वेष्टनबंद वस्तूंवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक झाले. त्याआधी छापील किमतीवर स्थानिक कर वेगळे, असे सांगून दुकानदार मनाला येईल ती रक्कम वाढवत असत. एका ओळीच्या या नियमाने देशभरातल्या कोट्यवधी लहान भांडणांचा निकाल लावला. नव्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी उपाहारगृहांना बिलात सेवा शुल्क आपोआप लावण्यास मनाई केली. दुसऱ्या कोणत्याही नावाने ते वसूल करण्यासही मनाई केली. १८७९ चा धडा या वेळी कायदा करणाऱ्यांच्या लक्षात होता असे दिसते. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ही मार्गदर्शक तत्त्वे ग्राह्य धरली. नंतर तो वाद अपिलात गेला.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. चित्रपटाच्या ऑनलाइन तिकिटांवर सुविधा शुल्क घेण्यास राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ च्या आदेशांनी मनाई केली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. व्यवसाय करण्याच्या मूलभूत स्वातंत्र्यावर त्यांनी घाला येतो, असे न्यायालयाचे मत पडले. ज्याला जादा पैसे द्यायचे नाहीत त्याला तिकीटखिडकीवर जाण्याचा पर्याय आहे, घरबसल्या आरक्षण ही वेगळी सेवा आहे, असा चित्रपटगृहांच्या बाजूचा युक्तिवाद असतो. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सेवा खरी असेल, तिचे मोल आधी सांगितलेले असेल आणि नाकारण्याची वाट मोकळी असेल, तर तो सरळ करार आहे. अशा करारावर सरसकट बंदी घातली तर तोच खर्च मूळ किमतीत मिसळेल आणि खिडकीवर रांगेत उभा राहणाराही तो भरेल.

परंतु ज्या आकाराला पर्याय नाही त्याचे काय? घरपोच सामान मागवताना प्रत्येकाला भरावेच लागणारे हाताळणी शुल्क ही वेगळी सेवा कशी? टेबलाशी अन्न आणून देणे हे उपाहारगृहाचे कामच आहे. त्याचे मोल पदार्थाच्या किमतीत धरलेले नसते काय? जो आकार प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यावाच लागतो, तो किमतीचाच भाग आहे आणि त्याने किमतीच्या आकड्यातच बसले पाहिजे. त्याला वेगळे नाव देऊन पावतीच्या तळाशी ठेवण्याचा उद्देश एकच असतो, की गिऱ्हाइकाने दोन दुकानांची तुलना करताना तो त्याला दिसू नये. असा आकार लपविण्यावर बंदी घालणे म्हणजे व्यापाराचे स्वातंत्र्य हिरावणे नव्हे. व्यापाऱ्याने आपली किंमत हवी ती ठेवावी. फक्त ती पहिल्याच ओळीत सांगावी. प्रामाणिक व्यापाऱ्याचा यात लाभच आहे, कारण आज पूर्ण किंमत सांगणारा महाग दिसतो आणि अर्धी लपविणारा स्वस्त.

जोतीरावांचा हिशेब तपासण्याचा मापदंड त्यांच्या चरित्रातून स्पष्ट होतो. ओतूरचा जोशी असो, लोकल फंड असो, कालव्याची पट्टी असो वा मंडईतला दलाल, त्यांनी दर वेळी हेच विचारले की पैसे कोणत्या कामाचे आणि ते काम झाले का. आणि नाही म्हणण्याची सोय देणाऱ्याला होती का. या कसोटीला उतरणाऱ्या शुल्काला त्यांचा आक्षेप नव्हता. न उतरणाऱ्या शुल्काविरुद्ध मात्र त्यांनी सरकारकडे कायदा मागितला आणि त्याच वेळी लोकांकडे शिक्षण मागितले. एकावर विसंबून दुसरे सोडले नाही.

आपल्याकडे कायदे आता पुष्कळ झाले आहेत. सेवा शुल्क काढून टाका असे म्हणण्याचा हक्क ग्राहकाला आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहेत. तरीही वीस-तीस रुपयांसाठी कोण वाद घालणार, असे म्हणून बहुसंख्य लोक पैसे देऊन मोकळे होतात. प्रत्येक आकार लहान असतो आणि बेरीज कुणी करीत नाही, यावरच ही सारी रचना दीडशे वर्षे उभी आहे. ती मोडण्यासाठी सरकारने लपवाछपवीवर स्पष्ट, एका वाक्याची बंदी घालावी: जे द्यावेच लागते ते किमतीतच असेल. त्यानंतर पावती शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याचे काम आपले. जुईनगरच्या घरात पोचलेल्या भाजीच्या मागे तुर्भ्याची एक पट्टी आहे, आणि त्या पट्टीच्या मागे गाडीवान शेतकरी आहे, एवढे ती वाचताना ध्यानात राहिले तरी जोतीरावांचे नाव मंडईला दिल्याचे सार्थक होईल.